जेवणातलं खाऊन कुत्रं ओकायला लागलं की काय करायचं: माझा अनुभव

आमच्या बेळगाव भागात कुत्र्यांच्या उलट्यांचे दिवस ठरलेले असतात. उन्हाळ्यात गावोगावच्या यात्रा आणि लग्नं, पावसाळ्यात मक्याची कणसं, गणपतीत पंचखाद्य नि मोदक, पुढे दिवाळीचा फराळ. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. कोणी प्रेमानं ताटातला तुकडा टाकतं, कोणी उष्टं परसात ओततं, आणि रात्री सगळं आवरल्यावर कुत्रं कोपऱ्यात मान खाली घालून ओकायला लागतं. दवाखाना बंद झालेला असतो आणि घरातले चौघं चार उपाय सांगत असतात. अशा वेळी मी आधी एकच गोष्ट शोधते. बाहेर काय पडलं ते समोर दिसतंच, पण पोटात अजून काय आहे? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सुरुवात उलटीपासूनच करायची. ती पुसून टाकायची घाई करू नये. खरी उलटी असेल तर आधी लाळ गळते, कुत्रं ओठ चाटतं, पोट आत ओढून दोन-तीन झटके देतं आणि मग ओकतं. खाल्ल्या खाल्ल्या काही जोर न लावता न पचलेला घास तसाच बाहेर पडला, तर तो घाईनं गिळलेला आणि पोटात न उतरलेला घास असतो. तसं एखाद्या वेळी झालं तर काळजीचं नाही. मोबाइलवर फोटो काढायचा आणि काडीनं उलटी पसरून बघायची: हाडाचे तुकडे, कणसाच्या बुरकुंड्याचे (दाणे काढल्यावर उरणाऱ्या दांड्याचे) तुकडे, मनुका, प्लॅस्टिक, चांदीचा कागद. पिवळा फेस म्हणजे पित्त, म्हणजे पोट रिकामं झालं. लाल रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण किंवा शेणासारखा वास असेल तर घरी थांबायचं नाही.

मग घरातल्या सगळ्यांना विचारायचं, लहान मुलांनासुद्धा. रागावून विचारलं तर पोरं सांगत नाहीत, म्हणून आवाज चढवायचा नाही. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता. कुत्र्याचं वजन माहीत नसेल तर त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. वजन कळल्याशिवाय ना विषारी पदार्थाचा अंदाज येतो, ना डॉक्टरांना डोस ठरवता येतो.

आपल्याकडे सगळे तिखटाला दोष देतात. तिखटानं पोट बिघडतं हे खरं, पण मटणाच्या रश्श्यात तिखटापेक्षा वाईट तीन गोष्टी असतात: तर्री, वाटण आणि हाडकं.

तर्री म्हणजे निव्वळ चरबी. कुत्र्यानं एकदम भरपूर चरबी खाल्ली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती लगेच दिसत नाही. बारा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी पुन्हा पुन्हा उलट्या सुरू होतात, कुत्रं अन्नाकडे बघत नाही, पाठ कमानीसारखी करून उभं राहतं, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरतं. पोटाला हात लावू देत नाही. कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई), तळण, खोबरं यांनीही हेच होऊ शकतं. लठ्ठ आणि वय झालेल्या कुत्र्यांना धोका जास्त.

वाटणाकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. कांदा-खोबरं भाजून वाटलं की कांदा दिसत नाही, पण असतो. भाजल्यानं, शिजवल्यानं त्याचा विषारीपणा जात नाही. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो, म्हणजे पाच किलोच्या पॉमेरेनियनला साधारण 75 ग्रॅम, एक मध्यम कांदा. लसूण त्याहून जहाल. आणि रोज थोडं थोडं रश्श्यात भिजवलेलं भाकरीचं कालवण घातलं तरी परिणाम साठत जातो. यातली फसवी गोष्ट अशी की उलटी पहिल्या दिवशी होते, कुत्रं बरं वाटतं, आणि रक्त कमी झाल्याची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी येतात.

हाडकांचं सगळ्यांना माहीत आहे, तरी घातली जातात. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि घशापासून गुदद्वारापर्यंत कुठेही अडकू किंवा टोचू शकतात. त्यापेक्षा मला आंब्याच्या कोयीची आणि कणसाच्या बुरकुंड्याची जास्त धास्ती वाटते. दोन्ही पचत नाहीत, आतड्यात बूच बसावं तशी बसतात, आणि एक्स-रेमध्ये हाडासारखी स्वच्छ दिसतीलच असं नाही. कधी ती पोटात बरेच दिवस नुसती पडून राहतात आणि नंतर सरकून अडकतात. म्हणून कणीस खाल्ल्याचं आठवड्यापूर्वीचं असलं तरी डॉक्टरांना सांगायचं.

काही पदार्थ असे आहेत की उलटीची वाटही बघायची नाही. मनुका, बेदाणे, द्राक्षं यात पहिला नंबर. अथणीकडे द्राक्षबागा आहेत, पलीकडे विजापूर आणि तासगाव म्हणजे बेदाण्याचं आगर, त्यामुळे आपल्या घरात डबा भरून बेदाणा असतो. लाडवात, शिऱ्यात, पंचखाद्यात, करदंटात (डिंक-सुकामेव्याच्या मिठाईत) तो सहज जातो. किती खाल्ले तर चालतील याचं सुरक्षित प्रमाणच नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशा बेदाण्यांनीही निकामी होतात. उलट्या पहिल्या दिवसात होतात, मूत्रपिंडाचा बिघाड एक ते तीन दिवसांत दिसतो. चॉकलेटचं गणित करता येतं: दहा किलोच्या कुत्र्याला साधारण 100 ग्रॅम दुधाचं चॉकलेट त्रास सुरू करायला पुरतं, काळ्या कडू चॉकलेटचं त्याच्या निम्म्याहून कमी, आणि कोको पावडर सगळ्यांत तीव्र. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम खाल्लं तर अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. दारू आणि फुगत घातलेलं कच्चं यीस्टचं पीठ यांचाही यातच समावेश करा. या सगळ्यांत पहिले दोन तास मोलाचे, कारण तेवढ्यात डॉक्टर इंजेक्शन देऊन पोट रिकामं करू शकतात.

ते काम घरी करू नका. मिठाचं पाणी पाजून ओकवण्याची पद्धत अजून गावांत चालते, आणि त्यानं रक्तातलं मीठ वाढून कुत्रं झटके येऊन मरू शकतं. घशात बोटं घालणंही नको. टोकदार हाड पोटात असेल तर ओकवताना ते वर येताना अन्ननलिका फाडतं. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही नको. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या दोन्ही गोळ्या कुत्र्याला विषारी आहेत. हळदीचं दूधही नको, कारण बिघडलेल्या पोटात दूध गेलं की जुलाब ठरलेले.

काय खाल्लं ते कळलं की कुत्र्याचं अंग तपासायचं. दोन मिनिटांचं काम आहे. वरचा ओठ उचलून हिरडी बघायची. ती गुलाबी आणि ओली हवी. बोटानं दाबली की पांढरी होते, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. हिरडी चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडायची, ती लगेच बसली पाहिजे, पण लठ्ठ आणि म्हाताऱ्या कुत्र्यात ही खूण फसवते म्हणून माझा भरवसा हिरडीवर. ज्यांची हिरडी मुळात काळी असते त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. थर्मामीटर गुदद्वारात लावून 101 ते 102.5 फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान. मग पोटावरून हलका हात फिरवायचा.

पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रं ओकायला जोर करतंय पण फेसाशिवाय काही येत नाही, बसवत नाही, उभं राहवत नाही: हे जठराला पीळ पडल्याचं लक्षण असू शकतं. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन, आपला मुधोळ हाउंड, अशा खोल छातीच्या कुत्र्यांत ते जास्त. यात तासांचा प्रश्न असतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची. हिरडी पांढरट, उलटीत रक्त, काही तासांत तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही न टिकणं, अंग टाकून देणं, यातलं काहीही असलं तरी तसंच. पिल्लू असेल तर थांबायचंच नाही. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे घाण वासाचे जुलाब लागले, तर खाण्याला दोष देत बसू नये, तो पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो.

यातलं काही नाही, कुत्रं एक-दोनदा ओकलं आणि आता शेपूट हलवतंय, तर घरी सांभाळता येतं. मोठ्या निरोगी कुत्र्याचं अन्न सहा ते बारा तास बंद. पिल्लाला आणि अगदी छोट्या जातीच्या कुत्र्याला उपाशी ठेवायचं नाही, त्यांची साखर उतरते. पाण्याचं भांडं मात्र मी उचलून ठेवते, कारण ओकलेलं कुत्रं तहानेनं भांडंभर पाणी एका दमात पितं आणि तेच पाणी परत ओकतं, मग पुन्हा पितं. शेवटच्या उलटीनंतर अर्धा-एक तास जाऊ द्यायचा. मग दहा-पंधरा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे पाणी बशीत, वीस मिनिटांनी पुन्हा तेवढंच. दोन-तीन तास टिकलं की प्रमाण दुप्पट. बर्फाचा चुरा चाटायला दिला तरी चालतो. पीत नसेल तर सिरिंजनं घशात जोर लावून सोडू नका, ते फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. एवढं थोडं पाणीही परत आलं, तर घरचा इलाज तिथंच थांबला.

पोट शांत राहिलं की भात. एक वाटी तांदूळ, चार वाट्या पाणी, बोटानं चिरडेल इतका मऊ. कातडी आणि हाड काढलेलं कोंबडीच्या छातीचं मांस वेगळं उकडायचं, पाणी गार झाल्यावर वरचा तवंग काढून टाकायचा, मांस हातानं बारीक तोडायचं. दोन भाग भात, एक भाग मांस. मीठ, तेल, हळद, आलं-लसूण काही नाही. शाकाहारी घरात मलई काढलेल्या दुधाचं पनीर धुऊन किंवा चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचं पांढरं घालता येतं. पहिला घास एक मोठा चमचा, तो दोन तास टिकला तर पुढचा. दहा किलोच्या कुत्र्याला पूर्ण दिवसाचं साधारण 300 ग्रॅम होतं, पण पहिल्या दिवशी निम्मंच, पाच-सहा वेळा विभागून. घरातल्या मोठ्या माणसांना हे फार थोडं वाटतं आणि मागून कोणीतरी भाकरी टाकतं, म्हणून सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. दोन-तीन दिवस भात, मग नेहमीचं खाणं पाव, अर्धं, पाऊण असं वाढवत तीन-चार दिवसांत पूर्ववत.

दवाखान्यात जायची वेळ आली तर आधी फोन करून विचारा. खेड्यातला जनावरांचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतो. तिथं सलाइन आणि उलटी थांबवणारं इंजेक्शन मिळू शकतं, पण कुत्र्याचा एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी यासाठी शहर गाठावं लागतं. खानापूरवाल्यांना बेळगाव, निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ. पावसाळ्यात खानापूरच्या आतल्या गावांतून रात्री निघणं अवघड, तिथं राहणाऱ्यांनी संध्याकाळी शंका आली तरी उजेडातच निघावं. सोबत उलटीचा फोटो, खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन, वजन आणि उलट्यांच्या वेळा लिहिलेला कागद. उलटी थांबवणारं इंजेक्शन स्वतः आणून देऊ नका. आत कोय अडकली असेल तर उलटी थांबते, अडकलेलं तसंच राहतं आणि आपल्याला बरं झाल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी ते दिल्यावरही कुत्रं ओकलं, किंवा उलटी थांबली पण शी होत नाही, तर त्याच दिवशी परत दाखवायचं. मनुकांचा संशय असेल तर क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ताची) तपासणी दोन-तीन दिवस पुन्हा करायला सांगतात. कुत्रं खेळतंय म्हणून ती टाळू नये.

रश्श्यात कांदा होता हे माहीत असेल तर भात पचायला लागल्यावरही आठवडाभर रोज सकाळी हिरडी बघायची, आणि लघवीला साखळी लावून न्यायचं, म्हणजे रंग दिसतो. लाल किंवा काळ्या चहासारखी लघवी, फिकट हिरडी, थोडं चालून धाप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं.