फलकावरचा बर्गर

रविवार, रात्री

आज भाचीच्या वाढदिवसानिमित्त तिला बर्गर खायला नेले होते. काउंटरवरच्या फलकात बोटभर जाड टिक्की, तिच्या कडेवरून ओघळणारे चीज आणि पावाबाहेर डोकावणारी हिरवीगार पाने पाहून तिने तोच बर्गर मागितला. डबा उघडला तेव्हा पाव दबलेला होता, टिक्की त्याच्या काठापर्यंतही पोचत नव्हती आणि लेट्यूसचे दोन मलूल तुकडे एका बाजूला सरकले होते. "मामा, चुकून दुसराच दिला का?" असे तिने विचारले. पावती पाहून तोच आहे, असे मला सांगावे लागले.

ही छायाचित्रे कशी घेतात, हे मॅकडोनल्ड्सच्या कॅनडातील कंपनीने २०१२ साली एका चित्रफितीत दाखवले होते. जिन्नस दुकानातलेच होते. मात्र दुकानात मिनिटभरात तयार होणारा बर्गर छायाचित्रासाठी मांडायला काही तास लागले. कांदा आणि काकडीचे लोणचे कॅमेऱ्याच्या बाजूला काठाशी रचले, केचप आणि मोहरीची चटणी पिचकारीने नेमक्या जागी सोडली आणि शेवटी संगणकावर उरलेसुरले डाग पुसले. आत काय काय आहे हे गिऱ्हाइकाला समोरून दिसावे म्हणून असे करतो आणि डब्यातल्या वाफेने पाव थोडा आक्रसतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

वाफेचे म्हणणे मला पटते. भाकरीसुद्धा डब्यात घालून ठेवली की मऊ पडतेच, त्यात कोणाचा दोष नाही. पण वाफेने टिक्की लहान होत नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०१० साली बर्गर किंगच्या एका चिकन बर्गरबाबत नेमके हेच तपासले होते. दुकानांतून तीन बर्गर विकत आणून जाहिरातीशी ताडून पाहिले आणि ते जाडीला कमी भरल्यामुळे त्या जाहिरातीस मनाई केली. इतकी साधी, कोणालाही करता येईल अशी तपासणी मला फार मोलाची वाटते. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भाचीने बर्गर आवडीने संपवला, चव चांगलीच होती. तरीही निघताना ती फलकाकडे वळून पाहत होती. पावती मी जपून ठेवली आहे; उद्या त्या दुकानाला पत्र लिहून फलकावरच्या टिक्कीचे आणि आम्हाला मिळालेल्या टिक्कीचे वजन विचारणार आहे.