उंदरांचा डेक, नोंद तिसरी : २२ की २९?

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की मॅजिक या पत्त्यांच्या खेळातला माझा उंदरांचा डेक (पत्त्यांचा संच) आता बसला. शब्द मागे घेतो. रविवारी चार डाव झाले, त्यातला एक जिंकलो. बाकीच्या तिनांपैकी एक असा हरलो की रात्री जेवतानाही तोच डोक्यात होता.

जे पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिकचा कमांडर फॉरमॅट : १०० पत्ते (त्यातला एक बाजूला ठेवलेला म्होरक्या, तोच कमांडर), ४० लाइफ, आणि बेसिक लँड (माना, म्हणजे पत्ते टाकायला लागणारी ऊर्जा, देणारे साधे पत्ते) सोडली तर एका नावाचा एकच पत्ता. पण काही पत्त्यांवरच छापलेलं असतं की हा डेकमध्ये हवा तितका घाला. २०१८ च्या डॉमिनारियातली रॅट कॉलनी त्यातलीच. दोन मानाला २/१ (ताकद २, टफनेस १, म्हणजे एका डॅमेजने मरते), आणि तुमच्याकडच्या दर इतर उंदरामागे तिला +१/+० मिळतं. कमांडर मॅरो-नॉअर, २००४ च्या चॅम्पियन्स ऑफ कामिगावामधला. कामिगावा जपानी धर्तीचं जग आहे आणि तिथल्या दलदलीत राहणाऱ्या या उंदीरमंडळींना नेझुमी म्हणतात. जपानीत नेझुमी म्हणजे उंदीरच, नाव शोधायला फार कष्ट घेतलेले नाहीत. हा गडी टॅप होऊन (म्हणजे पत्ता आडवा करून, वापरला गेल्याची खूण) एक उंदीर बळी देतो आणि उरलेत तितके नवे १/१ उंदीर काढतो. आठातला एक गेला, सात उरले, सात नवे आले, झाले चौदा. मग टेबलावरची प्रत्येक कॉलनी १५/१. अशा पत्ता नसलेल्या उंदरांना, म्हणजे टोकनना, आम्ही चिंचोके वापरतो. आजीच्या डब्यातले आहेत, एक बाजू घासलेली. घासलेली बाजू वर असली की तो उंदीर टॅप झालेला.

आता मुद्दा. पहिल्या डेकमध्ये मी १७ रॅट कॉलनी आणि १७ रिलेंटलेस रॅट्स अशी मिसळ केली होती. रिलेंटलेसची ताकद आणि टफनेस दोन्ही वाढतात, त्यामुळे ते सहजी मरत नाहीत, पण ते फक्त आपल्या नावाचेच भाऊबंद मोजतात. मॅरो-नॉअरचे चिंचोके त्यांच्या खिजगणतीत नाहीत. म्हणून ते काढले. मग वाटलं की नुसते उंदीर भरून हात रिकामा पडतो, ड्रॉ (जादा पत्ते ओढणं) हवा, रिमूव्हल (समोरच्याचे पत्ते उडवणं) हवं. कॉलनी २२ वर आणल्या. हाच तो 'बसलेला' डेक.

तो खरंच बरा चालत होता. फक्त थ्रमिंग स्टोन आला की रडायचा. २००६ च्या कोल्डस्नॅपमधला हा पाच मानाचा दगड (माझा अजून प्रॉक्सी, म्हणजे नक्कलच आहे, टेबलाची हरकत नाही) तुमच्या प्रत्येक स्पेलला, म्हणजे टाकलेल्या पत्त्याला, रिपल ४ देतो. म्हणजे एक कॉलनी टाकली की वरचे चार पत्ते उघडायचे, त्यात कॉलनी निघाल्या तर फुकट टाकायच्या, आणि त्या प्रत्येकीमागे पुन्हा चार. दोनदा दगड टेबलावर होता आणि दोनदा चार पत्त्यांत एकही उंदीर नाही. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथे तोही निघेना.

कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की दोष नशिबाचा नव्हता. एका कॉलनीमागे चार पत्ते दिसतात, त्यात सरासरी किती कॉलनी? ९९ मध्ये २२ असतील तर ०.८९. म्हणजे एक उंदीर सरासरी एक पूर्ण नवा उंदीरही आणत नाही, साखळी विझणारच. १७-१७ च्या मिसळीत तर ०.६९ होतं, कारण दगड नाव बघतो, जात नाही. २५ ला आकडा एकच्या वर सरकतो. २९ ला १.१७, आणि मग साखळी पेटली की सहसा लायब्ररी (न ओढलेल्या पत्त्यांचा ढीग) उपसूनच थांबते. आमच्यातला एकजण म्हणाला, "अरे, एका दगडासाठी सात पत्ते वाया घालवतोयस!" बरोबर आहे त्याचं. पण डेकमध्ये तीन ट्यूटर (हवा तो पत्ता शोधून देणारे पत्ते) आहेत आणि तिन्ही त्या दगडासाठीच आहेत. शिवाय उंदरांचा डेक बांधून उंदीर आवरते घ्यायचे असतील तर मग बांधायचाच कशाला? तर आता २९ कॉलनी, ३५ लँड, ३५ इतर.

तिसरा डाव. सातव्या टर्नला सात माना : पाच दगडाला, दोन कॉलनीला. निळ्या डेकवाल्याने हसत ती कॉलनी काउंटर केली, म्हणजे उतरण्याआधीच रद्द केली. पण रिपल स्पेल टाकतानाच लागतो, त्यामुळे काउंटर होवो न होवो, चार पत्ते उघडतातच. सोळा कॉलनी टेबलावर. त्याचं हसू गेलं. पण सगळ्या त्याच टर्नच्या, हल्ला करता येत नाही. पुढच्याच खेळाडूने रॅथ ऑफ गॉड टाकून मैदान साफ केलं.

मी शांत होतो, कारण हातात पेट्रिआर्क्स बिडिंग होतं. प्रत्येकाने एकेक क्रीचर टाइप (प्राण्याची जात) सांगायचा, आणि सांगितलेल्या टाइपचे सगळे पत्ते ग्रेव्हयार्डातून, म्हणजे मेलेल्यांच्या ढिगातून, परत. मी अर्थात उंदीर म्हणालो. सतरा परतल्या (सोळा आणि ती काउंटर झालेली), प्रत्येक १८/१. गॉब्लिनवाला गॉब्लिन म्हणाला. त्याच्या ढिगात वॉरचीफ होता, जो सगळ्या गॉब्लिनना हेस्ट देतो, म्हणजे ते आल्याआल्या वापरता येतात. आणि शार्पशूटर होता. टॅप करून एक डॅमेज, कुठलंही क्रीचर मेलं की अनटॅप. चौथ्या टर्नला मीच त्याला मारून ग्रेव्हयार्डात पाठवला होता, आणि आता मीच पाच माना मोजून परत आणला.

टॅप, एक उंदीर मेला, अनटॅप. हे सतरा वेळा. पठ्ठ्याने एकही गाळला नाही, प्रत्येकाला बोट लावून मोजलं.

बिडिंग काढणार नाही. त्याऐवजी लॉर्ड स्किटर आत येतोय, वाइल्ड्स ऑफ एल्ड्रेनमधला. दुसरा कुठलाही उंदीर माझ्या बाजूला आला की तो विरोधकाच्या ग्रेव्हयार्डातला एक पत्ता एक्झाइल करतो, म्हणजे डावाबाहेर काढतो. त्या डावात तो टेबलावर असता तर सोळा पत्ते गिळले असते, शार्पशूटर पहिल्याच घासात. डबीत पडून होता इतके दिवस. त्याच्या जागी क्रिप्ट रॅट्स बाहेर : ते प्रत्येक क्रीचरला डॅमेज करतात आणि माझ्या सगळ्या कॉलनींचा टफनेस एक, म्हणजे आपलेच उंदीर खाणारा उंदीर. कॉलनी २९ च राहतील.

चिंचोके मात्र आणखी वीसेक लागतील.