पहिल्या दिवशी धूर नव्हता

ट्रॅक्टर बांधावर उभा होता. मागे सीड ड्रिल जोडलेली, पेटीत गव्हाचं बी भरलेलं. चार दिवस झाले, सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण सुरू होत नव्हतं.

इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात जो तो पेरणीत होता. अण्णांनी सोयाबीन काढून पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, दिलेला, आणि काळी जमीन अगदी वाफशावर आलेली. मी मोटरसायकलवरून उतरलो तर त्यांनी आधी ट्रॅक्टर दाखवलाच नाही. खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबून गोळा केला आणि माझ्यापुढे धरला. गोळा जमला, पण कडा भुरभुरायला लागल्या होत्या.

"उद्यापर्यंत," अण्णा म्हणाले. "उद्या नाही झालं तर परत पाणी द्यावं लागेल, आणि पेरा दहा-बारा दिवस मागे."

माझं गॅरेज इंदूरला, लवकुश चौराह्याच्या पुढे उज्जैन रोडवर. अण्णांचं घराणं आमच्यासारखंच होळकरांच्या काळात इकडे आलेलं, आजोबांपासूनचा घरोबा. एरवी त्यांनी मलाच बोलावलं असतं. पण मी भाऊबीजेला बहिणीकडे नाशिकला गेलो होतो आणि पेरणी कुणासाठी थांबत नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

चार दिवसांत काय काय झालं ते त्यांनी सांगितलं. नवी बॅटरी. दोन्ही डिझेल फिल्टर नवे. तरी सुरू होईना म्हणून नोझलांना डिझेल देणारा पंप उतरवून शहरात नेला, कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचं माप जुळवून, आणला, नोझलही तपासून आणले. 11 हजार गेले. काल संध्याकाळी पंप बसवला, रात्री नऊपर्यंत सेल्फ मारला, शेवटी मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. एअर क्लीनरच्या पाइपाला पेट्रोलचा वास येत होता, म्हणजे कुणीतरी पेट्रोलचा बोळाही लावून पाहिला होता. हे कृपा करून कुणी करू नका. डिझेल इंजिनात पेट्रोल भलत्या वेळी पेट घेतं, पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर घाव बसतो. रिंगा तुटलेल्या आणि कनेक्टिंग रॉड वाकलेले मी स्वतः बाहेर काढले आहेत.

ड्रायव्हरला म्हटलं, मार सेल्फ, दहा सेकंदांच्या वर नको. सेल्फ मारताना मी इंजिनाकडे बघत नाही, सायलेन्सरकडे बघतो. ज्या उस्तादांकडे मी शिकलो त्यांनी पहिल्या वर्षभर मला पाना कमी आणि धूर जास्त बघायला लावला. डिझेल इंजिनाला प्लग नाही, ठिणगी नाही. आत घेतलेली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबानेच ती 500 अंशांच्या वर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलने डिझेलचा फवारा मारला की भडका होतो. म्हणून सेल्फवर फिरताना धूर अजिबात नसेल तर डिझेल आत पोचतच नाही. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

इथे पांढरा धूर होता, भरपूर, कच्च्या डिझेलच्या वासाचा, डोळे चुरचुरवणारा.

तिन्ही नोझलांचे पाइप-नट अर्धा-पाऊण फेरा सैल करून परत सेल्फ मारायला लावला. भाचा माझ्याकडे काम शिकतोय, तो वाकून बघायला लागला तर त्याला आधी मागे ओढलं. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट धरू नये. डिझेल कातडी भेदून आत जातं, वर टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि बोट गमवायची वेळ येते. तिन्ही नटांपाशी डिझेल ठोक्याठोक्याने येत होतं, त्यात हवेचे बुडबुडे नव्हते. सेल्फचा सूर एकसारखा होता, एखाद्या सिलिंडरला दाब नसता तर त्या ठोक्याला फिरणं हलकं झालेलं कानाला कळतं. एअर क्लीनर मोकळा होता. म्हणजे डिझेल आहे, हवा आहे, दाब आहे. राहिली वेळ.

पंप जिथे इंजिनाला बसतो तिथली चिखल-तेलाची पुटं डिझेलच्या फडक्याने पुसली. पंपाच्या कडेवर एक बारीक रेघ कोरलेली असते आणि समोर इंजिनाच्या अंगावर दुसरी. दोन्ही समोरासमोर हव्यात. इथे दोघींत चांगलं दोन सुताचं अंतर होतं. पंपाचे नट लांबट खाचांत असतात म्हणून तो थोडा फिरवून बसवता येतो, आणि तो फिरवून एका टोकाला नेऊन आवळलेला होता. फवारा उशिरा पडत होता. पिस्टन वरून परत फिरायला लागला, हवा निवायला लागली, मग डिझेल. ते पेटणार कसं? वाफ होऊन सायलेन्सरातून बाहेर.

पाइप सैल केले, तिन्ही नट ढिले केले, रेघेला रेघ मिळवली, आवळलं, डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढली. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन धडधडलं. मिनिटभर पांढरं ओकलं आणि मग सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरताना दिसायला लागली. ड्रायव्हरने सीटवरूनच हात जोडले. काकू घरून चहा घेऊन येत होत्या, त्या अर्ध्या वाटेतच थांबल्या आणि पदराने डोळे टिपले. अण्णांनी खिशात हात घातला.

मला मात्र पैसे घेववेनात. रेघ चुकली ती काल संध्याकाळी, पंप परत बसवताना. ट्रॅक्टर बंद पडला चार दिवसांपूर्वी. मग तेव्हा तो कशाने बंद पडला?

ड्रायव्हरला विचारलं, पहिल्या दिवशी बंद पडला तेव्हा धूर कसा होता?

"धुआँ तो था ही नहीं, भिया."

अण्णांना म्हटलं, पेरणी सुरू करा, मी इथेच थांबतो. चहा घेतला आणि बांधावरच्या बाभळीखाली बसलो. भाचा म्हणाला, मामा, चालतोय ना आता? मी काही बोललो नाही. 25 मिनिटांनी आवाज बदलला. इंजिन आचके द्यायला लागलं, वर-खाली, वर-खाली, आणि पट्ट्याच्या मधोमध बंद पडलं. पळत गेलो. सेल्फ मारला. सायलेन्सर कोरडा. धुराची रेघ नाही.

अण्णा मागून चालत आले, काही न बोलता चाकाला टेकून उभे राहिले. त्या दिवसात मला सगळ्यात जड गेलं ते हे.

टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. त्याचा दट्ट्या हाताने मारून पाहिला. हाताला डिझेलचा भार लागेना, पोकळ जात होता. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला तर चार बुडबुडे आणि जरासा फेस. ठीक, म्हणजे फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला बघायचं. या ट्रॅक्टरची टाकी बॉनेटखाली उंचावर, फीड पंप खाली. तोटी उघडी असली की डिझेल आपसूक उतरायला हवं. फीड पंपावरची नळी सोडवून भाच्याच्या हातातल्या डब्यात धरली. टाकी काठोकाठ भरलेली, आणि नळीतून थेंब. थेंब, मग काहीच नाही, मग टाकीच्या पोटात बुडबुड. डिझेल खाली यायच्या ऐवजी नळीतून हवा वर जात होती.

वाटलं, टाकीतली जाळी गाळाने बसली असेल. तार घालून बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. आटा सुटला तसं झाकण हाताला धरून राहिल्यासारखं वाटलं आणि मग आवाज आला, सुस्स, हवा आत ओढली गेल्याचा. त्याच क्षणी खालून भाचा ओरडला, "मामा, आलं! आलं!" डबा भरून त्याच्या पायावर डिझेल सांडत होतं.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल धड पडत नाही. समोरच्या कोपऱ्याला दुसरं पाडलं की धार लागते. टाकीचं ते दुसरं भोक झाकणात असतं, टाचणी जाईल एवढं. जेवढं डिझेल खाली जाईल तेवढी हवा तिथून आत येते. झाकण उलटं करून पाहिलं. भोक दिसतच नव्हतं. मळणीची धूळ आणि डिझेल यांचा काळा, घट्ट खरपा तिथे बसला होता, सोयाबीनच्या सगळ्या हंगामाचा. आणि झाकणाचं रबर मात्र कोरं करकरीत.

"हे कधी बदललं?"

"दसऱ्याला," अण्णा म्हणाले. "पूजेला धुतला तेव्हा. डिझेल हिंदकळून बॉनेटवर यायचं म्हणून."

तिथे मला सगळं जुळलं. भोक बुजलेलं आधीपासूनच असणार. पण जुनं रबर झिजलेलं होतं, त्याच्या कडेने हवा आत जात होती, म्हणून कधी त्रास झाला नाही. नवं रबर बसलं आणि टाकी बाटलीसारखी बंद झाली. दसऱ्यानंतर मोठं काम नव्हतं, टाकी अर्धीमुर्धी असायची, तेव्हा वरची मोकळी हवा ताणून ताणून बराच वेळ निभावायचं. पेरणीसाठी अण्णांनी टाकी काठोकाठ भरली. वर हवा उरलीच नाही, दीड-दोन लिटर डिझेल जाताच पोकळी एवढी झाली की फीड पंपाला ओढवेना. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने दोनदा झाकण उघडून डिझेल पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा नळ्यांतली थोडी हवा काढल्यावर ट्रॅक्टर सुरू झाला होता. खूण तेव्हाच मिळाली होती. पण "चालतो आणि बंद पडतो" म्हटल्यावर मिस्त्रीचं मन पंपावर गेलं, आणि चांगला पंप उतरला.

त्या मिस्त्रीला मी चोर म्हणणार नाही. पेरणीत दहा फोन वाजत असतात, शेतकरी डोक्यावर उभा असतो. पण पंपाला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडं ठेवून अर्धा तास इंजिन चालवायला काय लागतं? आणि उतरवायचाच होता तर रेघेवर छिन्नीने खूण करून उतरवायचा. ही दोन कामं फुकटची आहेत. 11 हजार अण्णांच्या बियाण्याचे आणि खताचे होते.

भोक साफ करायला माझ्या पिशवीतली तार जाड पडली. काकूंनी न बोलता बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. पिनेने खरपा कोरून काढला, तोंडाने फुंकर मारली. ओठांना डिझेल लागलं, पण पलीकडून हवा गेली. झाकण लावलं, हवा काढली, सेल्फ मारला.

मग घड्याळ काढून बांधावर बसलो. अण्णाही शेजारी बसले. 25 मिनिटं झाली तेव्हा दोघांचेही कान तिकडेच होते. 30 झाली. 40 झाली. ट्रॅक्टर पट्ट्याच्या टोकाला वळला, ड्रिलचे फण उचलले गेले, परत जमिनीत उतरले, आवाजात काडीचा फरक नाही. तासाभराने मी उठलो तेव्हा काकू पिन मागायला आल्या नाहीत. अण्णांनी ती पुसून टूल बॉक्सच्या झाकणाला आतून अडकवली होती.

निघताना त्यांनी परत वाकून माती उचलली, मुठीत दाबली, उघडून पाहिली आणि मला दाखवली. अजून गोळा होत होता.