बीबीएफवर पाणी कसं साचलं?

"साहेब, तुमच्या बीबीएफनंच सोयाबीन बुडवलं," एवढं बोलून शेतकऱ्यानं फोन ठेवला. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी: उंच गादीवर पेरायचं आणि जादा पाणी दोन्ही अंगांच्या सऱ्यांतून बाहेर काढायचं. औसा तालुक्यातलं भारी काळं रान. जुलैतली आठवडाभराची झड, त्यात रात्री महसूल मंडळात अतिवृष्टी, म्हणजे 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर. शेजारच्या सपाट पेरणीतलं पाणी दुपारपर्यंत उतरलं होतं. रुंद वरंबा सरीच्या या रानात मात्र सऱ्या तुडुंब, खालच्या कडेला तर गादीवरही पाणी. सगळं उलटंच.

पेरणी तशी चोख होती. गादीवर चार ओळी, दोन्ही अंगांना सहा इंच खोल सरी, बी दीड इंचावर. एकरी 30 किलोऐवजी 22-23 किलोत भागलं, कारण पाचव्या ओळीच्या जागी सरी येते. सऱ्या उताराला आडव्या, बेताचा ढाळ ठेवून. घात झाला बांधाकडं. ट्रॅक्टर वळवायला सुटलेल्या 10 फुटांच्या पट्टीत शेवटी आडवी तासं घातली होती. त्या मातीनं आणि चाकांच्या दाबानं एकूण एक सरीचं तोंड बुजलेलं.

खालच्या कडेनं सगळ्या सऱ्या जोडणारा नऊ इंच खोल चर फावड्यानं काढला आणि सखल कोपऱ्यातून बांधाबाहेर सोडला. चर सरीपेक्षा खोल हवा, नाहीतर पाणी तळाशी तुंबून राहतं.

पीक पिवळं म्हणून दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणून ठेवलेली. आधी झाडं उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडल्या. वरच्या बाजूच्या गुलाबी, म्हणजे जिवंत. पाण्यातल्या तपकिरी, पिचपिचीत. मुळाला हवा नसली की गाठी नत्र देत नाहीत आणि खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह कमी असतं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या असत्या. बाटली परत करायला सांगितली. वाफसा आल्यावर, म्हणजे रानातला जादा ओलावा ओसरल्यावर, 19:19:19 या विद्राव्य खताची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) फवारणी, 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम, एवढंच पुरे.

"मग वळणाची जागा पड ठेवायची का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. चौकोनी एकरात एका कडेची ती पट्टी जेमतेम दोन गुंठे भरते. पेरायचीच असेल तर पेरून झाल्यावर कुदळीनं प्रत्येक सरीचं तोंड मोकळं करावं. ऑगस्टात उघडीप लांबली की तीच तोंडं मातीनं बंद करायची, म्हणजे येईल ती सर सरीतच मुरते.