भिंत चुकली

पॅरिसहून ब्रुसेल्सकडे जाणाऱ्या ज्या मोटरवेवरून भारतीय पर्यटकांच्या बसगाड्या धावतात, त्यापासून उत्तर फ्रान्समधली विमीची टेकडी, जिथे पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक लढले, फार लांब नाही. टूर मॅनेजर म्हणून युरोपात अकरा उन्हाळे काढूनही मी तिच्यावर कधी पाऊल ठेवले नव्हते. आमच्या पाहुण्यांना आयफेल टॉवर झाला की ब्रुसेल्सची चॉकलेटे आणि ॲमस्टरडॅमचे कालवे हवे असतात. मधला सपाट मुलूख झोप काढण्यासाठी आहे, अशी सर्वांचीच समजूत असते आणि माझीही तीच होती. २०१८ च्या जुलैमध्ये मात्र कॅनडातील मिसिसागा येथे स्थायिक झालेल्या तीन मराठी कुटुंबांनी उत्तर फ्रान्समधील कॅनडाच्या युद्धस्मारकांसाठी म्हणून खास सहल मागितली. चौदा जण होते, आणि या सगळ्याला कारण होता त्यांच्यातला बारा वर्षांचा एक मुलगा.

त्याने शाळेच्या प्रकल्पासाठी गावातील युद्धस्मारकावरचा एक सैनिक निवडला होता. त्या सैनिकाला थडगे नव्हते, केवळ कोरलेले नाव होते. त्या नावावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्यायचा, असे मुलाने ठरवले होते आणि त्यासाठी कागदाची एक लांब गुंडाळी घरून आणली होती. सैनिकाचे नाव, बटालियन आणि मृत्यूचा दिनांक त्याच्या आईने मला दीड महिना आधीच ई-मेलने कळवला होता. मी त्यातले ‘कॅनडाचा सैनिक, थडगे नाही’ एवढेच ध्यानात घेतले आणि कार्यक्रमात विमी असे लिहून मोकळा झालो. दिनांक ऑक्टोबर १९१७ च्या शेवटच्या आठवड्यातील होता, तर विमीची लढाई त्याच वर्षीच्या ९ ते १२ एप्रिलची होती. ही विसंगती माझ्या डोळ्यांसमोर दीड महिना पडून होती आणि मला ती दिसली नाही.

आमचा मुक्काम विमीजवळच्या अरास शहरात होता. सकाळी आठला निघून आम्ही आधी बोमाँ-हामेल पाहिले. १ जुलै १९१६ रोजी न्यूफाउंडलंड रेजिमेंटचे सुमारे आठशे जवान येथील उतारावरून जर्मन खंदकांकडे चालत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला त्यांतील ६८ जण उभे राहिले. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडाचा भाग नव्हता, तो १९४९ मध्ये झाला. १ जुलैला उर्वरित कॅनडा राष्ट्रीय दिन साजरा करतो, पण न्यूफाउंडलंडमध्ये ती सकाळ आजही मृतांच्या स्मरणाची असते. कॅरिबू या हरणाच्या ब्राँझच्या पुतळ्याखाली उभे राहून पाहिले की जर्मन खंदकांपर्यंतचे सगळे अंतर एका नजरेत मावते, आणि एवढेसेच अंतर पाहून गटातील बडबड आपोआप थांबली.

दुपारी विमीला पोहोचलो. कॅनडाच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र लढल्या त्या याच टेकडीवर, आणि त्या चार दिवसांत त्यांचे ३,५९८ सैनिक मेले. तोफगोळ्यांच्या खड्ड्यांवर आता गवत वाढले आहे. पण जमिनीत न फुटलेला दारूगोळा अजून असल्यामुळे तेथे माणसांना जाण्यास मनाई आहे आणि गवत कमी ठेवण्याचे काम मेंढ्यांकडे सोपवलेले आहे. वॉल्टर ऑलवर्ड या शिल्पकाराने अकरा वर्षे खपून उभारलेल्या आणि १९३६ मध्ये अनावरण झालेल्या स्मारकाचे दोन पांढरे स्तंभ दुरूनच दिसतात. जवळ गेल्यावर मात्र माझी नजर खिळली ती मान खाली घातलेल्या स्त्रीच्या पुतळ्यावर. मुलांना मुकलेला कॅनडा म्हणजे ती स्त्री. तिच्यासमोर दुएचे मैदान पसरलेले आहे आणि दूरवर कोळशाच्या खाणींतून निघालेल्या राडारोड्याचे काळे डोंगर आहेत. गटातल्या आजी पुतळ्याकडे पाहून पुटपुटल्या, “कुणीतरी बसवा हो तिला.”

स्मारकाच्या चौथऱ्याच्या भिंतींवर ११,२८५ नावे आहेत. फ्रान्सच्या भूमीवर मेलेल्या, पण ज्यांचे दफनस्थान ज्ञात नाही अशा कॅनेडियन सैनिकांची ही नावे वर्णानुक्रमाने लावलेली असल्याने शोधणे अवघड नसते. मुलगा आडनावांवरून बोट फिरवीत योग्य जागी आला आणि थांबला. त्याने पुन्हा मागे जाऊन वाचले. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “काका, याच्या आधीचा माणूस आहे, नंतरचा आहे. मग हा का नाही?”

मी उगाच आडनावाच्या स्पेलिंगची शंका काढली, दोन ओळी खाली-वर पाहिल्या आणि शेवटी तेथे मार्गदर्शनासाठी नेमलेल्या कॅनेडियन विद्यार्थिनीला गाठले. वीस-एकवीस वर्षांच्या त्या मुलीने एकच प्रश्न विचारला: तो मेला कोठे? मुलाने पाशेंडेलचे नाव घेतले. “मग तो बेल्जियममध्ये आहे,” ती म्हणाली, “ईपरला, मेनिन गेटवर.” फ्रान्समध्ये नाहीसे झालेले विमीला आणि बेल्जियममध्ये नाहीसे झालेले मेनिन गेटला, अशी ही सरळ विभागणी आहे. म्हणजे सरहद्दीच्या कोणत्या बाजूला गोळी लागली, यावर कोणत्या दगडात नाव कोरायचे ते ठरले. या धंद्यात असलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते, आणि मुलाच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात तेच लिहिलेले होते.

ईपर तेथून तास-सव्वातासाच्या अंतरावर होते. अडचण होती ती चालकाच्या वेळेची. युरोपात बसचालकाला दिवसाकाठी सलग अकरा तास विश्रांती द्यावीच लागते. म्हणजे आठला सुरू झालेला दिवस रात्री नवापर्यंत संपायला हवा. ही विश्रांती नऊ तासांवर आणण्याची मुभा दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान फक्त तीनदा मिळते आणि आमच्या पोर्तुगीज चालकाने ती दोनदा वापरलेली होती. तिसरी त्याने शेवटच्या दिवसाच्या विमानतळ-फेरीसाठी राखून ठेवली होती. मी चूक माझी असल्याचे त्याला सांगितले. त्याने मुलाच्या हातातील गुंडाळीकडे पाहिले, बोटांवर हिशेब केला आणि अकराच्या आत आपण अरासला असलो पाहिजे, एवढेच बजावले.

वाटेत ज्या चौकात रस्ता वळतो, तेथेच नव्ह-शापेलचे भारतीय स्मारक आहे. गटातल्या आजोबांनी विनंती केल्यामुळे वीस मिनिटे थांबलो. या वर्तुळाकार भिंतीवर ४,७०० हून अधिक भारतीय नावे पलटणवार कोरलेली आहेत. त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांची नावेही आहेत, कारण २८ ऑक्टोबर १९१४ च्या येथील हल्ल्यात त्यांच्या दोन कंपन्या होत्या. आजोबा सातारा जिल्ह्यातले. ते बराच वेळ वाचत राहिले आणि मग म्हणाले, “आमच्या चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. किती गेले आणि किती मेले ते लिहिलंय. नाव एकाचंही नाही.” मराठा पलटणींचे बहुतेक जवान मेसोपोटेमियात गेले होते. तेथील बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे नाहीत, पलटणीखाली केवळ संख्या कोरली आहे, हे मी नंतर वाचले. त्या क्षणी मला काही उत्तर सुचले नाही, आणि बसमध्ये बसेपर्यंत तेही काही बोलले नाहीत.

मेनिन गेटला पोहोचलो तेव्हा सात वाजत आले होते. येथील पद्धत वेगळी आहे. विमीसारखा एकच वर्णानुक्रम नाही. आधी बटालियन, मग हुद्दा आणि त्यानंतर आडनाव. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदीत पाटीचे क्रमांक मिळाले, पण एक नव्हे, चार. पन्नास हजारांहून अधिक नावांच्या त्या कमानीखाली आम्ही चौदा जण चार टोळ्यांत विभागलो, आणि ज्या आजींना सकाळी कॅरिबू म्हणजे हरीण की बैल हे सांगावे लागले होते, त्याच आजींनी चष्मा कपाळावर चढवून नाव शोधून काढले. ते माणसाच्या डोक्याच्या बरेच वर होते. मुलाच्या वडिलांनी त्याला खांद्यावर घेतले, तरी हात दोन ओळी खालीच राहिला.

आठला पोलिसांनी वाहतूक थांबवली आणि बिगुल वाजले. मृतांच्या स्मरणाचा हा रोजचा परिपाठ १९२८ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या वर्षांत तो येथे खंडित झाला होता. शेकडो लोकांच्या गर्दीत मुलगा मात्र बिगुलवाल्यांकडे पाठ करून वर पाहत उभा होता.

पावणेनऊला निघालो. लील येण्याआधीच तो झोपी गेला; कोऱ्या कागदाची गुंडाळी त्याच्या मांडीवरून घरंगळून माझ्या पायाशी आली. अरासला उतरलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. चालकाने टॅकोग्राफ या वेळेची नोंद ठेवणाऱ्या यंत्रातून आपले कार्ड काढले, घड्याळ पाहिले आणि उद्या सव्वासातच्या आधी त्याला हाक मारायची नाही, असे मला दोनदा सांगितले.