तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा कार्ट गेममध्ये आपण मागे का पडतो?

"गेम एवढासा, चित्रं तीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमसारखी, बटणं मोजून चार. तरी मी कायम आठवा नाहीतर नववा. चुकतंय कुठं?" एसआरबी टू कार्ट हा छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा कॉम्प्युटर गेम खेळायला लागलेली सोलापुरातली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. कुणी कॉलेजचं पोरगं असतं, कुणी पोरांबरोबर खेळायला बसलेले काका.

या गेममध्ये वेग सरळ रस्त्यावर मिळत नाही, तो वळणात कमवावा लागतो. अॅक्सिलरेटर सगळेच दाबून धरतात. पहिल्यात आणि नवव्यात फरक पडतो तो ड्रिफ्टमुळे, म्हणजे गाडी घसरवत वळण घेण्यामुळे.

आधी गेमची थोडी ओळख. एसआरबी टू कार्ट 2018 साली आला. तो सोनिक रोबो ब्लास्ट टू या चाहत्यांनी बनवलेल्या गेमवर उभा आहे, आणि त्या गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, 1993 च्या डूम या गोळीबाराच्या गेमच्या घराण्यातलं. म्हणून ट्रॅकला खोली आहे, पण गाड्या आणि खेळाडू सपाट चित्रांचे. फुकट मिळतो, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. कार्ट बनवणाऱ्यांचाच 2024 चा रिंग रेसर्स हा पुढचा गेम दिसायला जास्त देखणा आहे, पण शिकायला बराच अवघड. सुरुवात कार्टवरच करा.

डूमकडून आलेली एक गोष्ट लक्षात ठेवा: गेमचं आतलं घड्याळ सेकंदाला 35 ठोके टाकतं. पुढचा सगळा हिशोब याच ठोक्यांत आहे.

ड्रिफ्टचं बटण दाबून वळलात की चाकांमागे ठिणग्या उडायला लागतात. आधी निळ्या, मग लाल, शेवटी इंद्रधनुष्यी. बटण सोडलं की त्या रंगाप्रमाणे बूस्ट, म्हणजे थोडा वेळ जादा वेग मिळतो. निळ्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट लालला आणि चौपट इंद्रधनुष्यीला. बूस्ट मात्र या प्रमाणात मिळत नाही. निळा 20 ठोके टिकतो, लाल 50, इंद्रधनुष्यी 125. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त, साधारण दीड सेकंद आणि साडेतीन सेकंद. लालसाठी दुप्पट थांबलात तर परतफेड अडीचपट, चौपट थांबलात तर सव्वासहापट. नवीन खेळाडू निळी ठिणगी दिसली की घाईनं बटण सोडतो आणि इथंच सगळ्यात जास्त नुकसान करून घेतो.

प्रत्येक वळण इंद्रधनुष्यीला पुरेल एवढं लांब नसतं, हेही खरं. पण ठिणग्या भरायचा वेग तुमच्या हातात आहे. ड्रिफ्टमध्ये स्टिअरिंग वळणाच्या आतल्या बाजूला दाबलं तर त्या लवकर भरतात, बाहेरच्या बाजूला दाबलं तर सावकाश. आतल्या बाजूला पूर्ण दाबून धरलं तर निळी सेकंदाच्या आत येते. स्टिअरिंग मोकळं सोडलं तर सेकंदाच्या थोडं वर जाते.

उजवीकडचं एक लांब, गोल वळण घ्या. गाडी आधी रस्त्याच्या डाव्या कडेला न्या. वळण सुरू व्हायच्या जरा आधीच उजवी दिशा धरून ड्रिफ्ट दाबा. गाडी लगेच आत शिरत नाही, आधी थोडी बाहेर वाहते. म्हणून "आता भिंत आली" असं वाटल्यावर दाबलेलं बटण नेहमी उशिराच असतं. पहिला अर्धा भाग स्टिअरिंग आत दाबून ठेवा, ठिणग्या भरू द्या. आतली कड जवळ आली की थोडा वेळ डावीकडे टेकवा. ड्रिफ्ट सुटत नाही, फक्त वळण रुंद होतं. पुन्हा आत दाबा. असं आत-बाहेर करत गाडी कडेपासून हातभर लांब ठेवायची. बटण सोडायचं ते गाडीचं नाक पुढच्या सरळ रस्त्याकडे झाल्यावर. नाक अजून भिंतीकडे असताना सोडलंत तर आख्खा बूस्ट भिंतीत जातो. गाडी ऐनवेळी आपटते याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ड्रिफ्ट उलट्या बाजूला लागतो ही तक्रारही बरीच येते. बटण दाबताना बोट दुसऱ्या बाणावर राहिलेलं असतं. एकदा लागलेल्या ड्रिफ्टची बाजू मधे बदलत नाही. सोडायचं आणि नव्यानं धरायचं. नागमोडी रस्त्यावर तर प्रत्येक वळणाला मोठ्या ठिणगीचा हट्ट धरू नका. पहिल्या छोट्या वळणाची निळी घेऊन सोडा आणि पुढच्या मोठ्या वळणात योग्य कडेनं शिरा. त्या मोठ्या वळणातली लाल जास्त कमावून देते.

आता की-बोर्ड. यावर कुणी फारसं बोलत नाही, पण निम्मी रडगाणी इथली असतात. स्वस्त की-बोर्डमध्ये तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. अॅक्सिलरेटर, ड्रिफ्ट, बाण आणि आयटम (रस्त्यातल्या पेट्यांतून मिळालेली वस्तू वापरायचं) ही चारही बटणं तर एकाच वेळी लागतात. ड्रिफ्ट मधेच सुटतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. तपासायला नोटपॅड उघडा, गेममधली अक्षरांची बटणं एकदम दाबा, सगळी उमटतात का बघा. उमटत नसतील तर ड्रिफ्ट शिफ्टवर किंवा कंट्रोलवर ठेवा. या बटणांची जोडणी बहुतेक की-बोर्डमध्ये वेगळी असते, त्यामुळे ती अडत नाहीत. शिफ्ट निवडलंत तर विंडोजमधलं स्टिकी कीज आधी बंद करा. नाहीतर पाच वेळा शिफ्ट दाबलं की ऐन शर्यतीत खिडकी उघडते.

सुटतानाही एक बूस्ट असतो. उलटी मोजणी चालू असताना अॅक्सिलरेटर किती वेळ धरला ते गेम मोजत असतो. "गो"च्या बरोबर एक सेकंद आधी, म्हणजे 35 ठोके आधी दाबलंत तर स्नीकर या वेग वाढवणाऱ्या आयटमसारखा दोन सेकंदांचा धक्का मिळतो. थोडं आधी दाबलंत तर धक्का कमी. 50 ठोक्यांच्या वर गेलात तर गाडी जागेवरच गरगर फिरते. म्हणून "तीन" दिसल्यापासून दाबून बसू नका, "एक" दिसला की दाबा.

गाडी कुठली घ्यायची? गेममधल्या प्रत्येक खेळाडूला, म्हणजे गाडी चालवणाऱ्या पात्राला, वेग आणि वजन असे 1 ते 9 मधले दोन आकडे असतात. वेग जास्त तर टॉप स्पीड जास्त, पण उचल मंद. वजन जास्त तर धडकेत आपण कमी ढकलले जातो. ठिणग्या भरायचा वेळही या आकड्यांवर थोडा बदलतो. जड आणि कमी वेगाच्या गाडीला लवकर येतात, हलक्या आणि वेगवान गाडीला उशिरा. पण हा फरक फार तर पाचव्या-सहाव्या हिश्श्याचा, त्यासाठी डोकं खपवू नका. शिकताना कमी वेगाच्या आकड्याचा खेळाडू घ्या, टेल्स चांगला. मार खाल्ल्यावर तो चटकन उचल घेतो, आणि सुरुवातीला मार खायचाच असतो. मुद्दाम धडका मात्र देऊ नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत डॅशिंग कारमध्ये त्याची मजा असते, इथं धडकेत दोघांचाही वेग जातो आणि तिसरा पुढे निघतो.

आयटमबद्दल थोडक्यात. पेटीतलं चक्र फिरत असताना आयटमचं बटण दाबलं की ते लवकर थांबतं. पुढे असाल तर केळं मिळाल्या मिळाल्या टाकून देऊ नका. एकदा दाबून मागे लटकवा, मागून येणारा मारा त्याच्यावर जाईल. मागे असताना मिळालेला स्नीकर सरळ रस्त्यावर उडवू नका. त्याच्या जोरावर गवत आणि वाळू न अडखळता ओलांडता येते, म्हणून शॉर्टकटच्या तोंडाशी वापरा. सेल्फ प्रोपेल्ड बॉम्ब पहिल्या नंबरच्या मागे लागतो. तो सुटला असेल तर घाईघाईनं पहिला व्हायची गरज नाही.

सोलापुरात एप्रिल-मे मध्ये एक वेगळीच अडचण येते. पारा चाळिशीच्या पुढे असतो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, चित्र अडखळतं आणि ठिणगीचा रंग उशिरा दिसतो. या गेमचं साधं रेंडरिंग, म्हणजे चित्र काढायचं काम, ग्राफिक्स कार्डावर नाही, प्रोसेसरवर चालतं. म्हणून रिझोल्यूशन 640 बाय 400 वर आणा. चित्र मुळात मोठ्या चौकोनी ठिपक्यांचं आहे, त्यामुळे फारसं बिघडत नाही आणि प्रोसेसरचं काम खूप हलकं होतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, आणि चादरीवर तर नाहीच. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी राहत असाल तर सुताचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात. उन्हाळ्याआधी मशीन बंद करून पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा आणि ब्लोअरचे छोटे छोटे झोत मारा. पातं मोकळं सोडलं तर हवेनं सुसाट फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि गेममधलं व्हीसिंक (चित्र पडद्याच्या तालाशी जुळवणारी सोय) बंद करा. दोन्हींमुळे बटण आणि चित्र यांतला उशीर कमी होतो.

सराव रेकॉर्ड अटॅकमध्ये, म्हणजे एकट्यानं घड्याळाशी शर्यत लावायच्या प्रकारात करा. तिथं तुमचीच आधीची फेरी भूत बनून शेजारून पळते. ते भूत कुठल्या वळणानंतर पुढे जातं ते बघा. पूर्ण लॅपची वेळ बघून काही कळत नाही, वळण सापडलं की उपाय सापडतो. ट्रॅक बदलत बसू नका, एकच धरा.

ऑनलाइन खेळताना हेच ड्रिफ्ट बिघडल्यासारखे वाटतील. तुमचं बटण सर्व्हरपर्यंत जाऊन परत आल्यावरच तुमची गाडी वळते. परदेशातल्या सर्व्हरचं पिंग, म्हणजे हा जायचा-यायचा वेळ, 200 मिलिसेकंद असेल तर ते 7 ठोके झाले. तेवढं आधी वळायला लागतं, आणि शिकण्याच्या काळात ते हाताला वाईट वळण लावतं. त्यापेक्षा घरीच जमवा. एका स्क्रीनवर चौघं खेळू शकतात. वेगवेगळे लॅपटॉप असतील तर सगळे एकाच वाय-फायवर किंवा फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या, त्याला इंटरनेटचा डेटा लागत नाही. एकानं होस्ट करायचं, म्हणजे आपल्या लॅपटॉपवर शर्यत सुरू करायची, बाकीच्यांनी त्याचा आयपी (लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता) टाकायचा. सोळा जणांपर्यंत जमतं. जोडणी झाली नाही तर आधी सगळ्यांच्या गेमचं व्हर्जन एकच आहे का बघा. मग होस्टच्या विंडोज फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्या, यूडीपी पोर्ट 5029. एवढ्यानंही होत नसेल तर राउटरवर गेस्ट नेटवर्क निवडलंय का तपासा. गेस्ट नेटवर्कवर बऱ्याचदा एक लॅपटॉप दुसऱ्याला दिसतच नाही.