अंजिराचं रोप: पानं नाही, मुळं बघून घेतलं

अंजीर झाडावर पूर्ण पिकल्यावरच गोड होतं, आणि पूर्ण पिकलं की प्रवास सोसत नाही. तोडल्यावर ते मऊ पडतं, पण त्याची गोडी वाढत नाही. बाजारात पोचणारं अंजीर म्हणूनच थोडं आधी तोडावं लागतं. पुरंदर तालुक्यातल्या एका बागेत झाडाखाली उभं राहून खाल्लेल्या अंजिराची चव मला नगरच्या बाजारात कधी मिळाली नाही. मग परसात एक झाड लावायचं ठरवलं. इथली कोरडी हवा त्याला मानवते, प्रश्न होता तो आमच्या काळ्या जमिनीचा.

जात ठरवायला वेळ लागला नाही. डायना मोठं, पिवळसर हिरवं फळ देते आणि सुकवायला चांगली म्हणतात. मला ताजं खायचं होतं, म्हणून जांभळट सालीचं, आत लाल गराचं पूना अंजीरच हवं होतं. पुरंदरच्या ज्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच घराण्यातलं. सासूबाईंनी विचारलं, "एकट्या झाडाला फळ धरेल का गं?" रास्त प्रश्न होता. उंबराला त्याच्या फळात शिरणारी चिमुकली माशी लागते, तुर्कस्तानातल्या स्मर्ना अंजिरालाही लागते. पूना अंजिराचं फळ मात्र परागीभवनाशिवाय भरतं, त्यामुळे एक झाड पुरतं.

रोपवाटिकेत काकांनी मोठ्या कुंडीतलं, चार-पाच अंजिरं लागलेलं झाड पुढे केलं. "हे न्या ताई, यंदाच फळ खाल." कुंडी उचलून खालून पाहिलं. भोकातून जाड मुळं बाहेर आली होती, म्हणजे आत ती गोल गोल गुंडाळत गेली असणार. असं झाड जमिनीत गेल्यावरही मुळं पसरायच्या ऐवजी स्वतःभोवतीच फिरत राहतात. मी पिशवीतली लहान रोपं मागितली आणि एक पिशवी सोडून दाखवायला सांगितलं. "मुळं कुणी बघतं का?" म्हणत काकांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच ब्लेड आणलं.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते रोप घ्यायचंच नाही. त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या गाठी असतात, आणि एकदा परसाच्या मातीत ही कीड आली की सहज जात नाही. पहिल्या रोपाला दोन-तीन गाठी होत्या, ते बाजूला ठेवलं. दुसऱ्याची मुळं फिकट, सरळ, मातीला धरून होती. खोड पेन्सिलीपेक्षा जाड, फाट्यापासून तयार केलेलं, उंची जेमतेम दोन फूट. पानांच्या मागच्या बाजूला तांबेरा या बुरशीच्या रोगाची तपकिरी पूड नव्हती. तेच घेतलं.

जागा मी उन्हाळ्यातच पाहून ठेवली होती. दिवसभर ऊन येणारी, भिंतीपासून आणि सांडपाण्याच्या टाकीपासून चांगली बारा फूट लांब, कारण अंजिराची मुळं पाण्याच्या मागावर जातात. परसाचा एक कोपरा त्याहून सोयीचा होता, पण तिथे वर्षानुवर्षं वांगी, टोमॅटो, भेंडी लावत आलो. ही सगळी सूत्रकृमीची आवडती पिकं, म्हणून तो कोपरा सोडला.

दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा चैत्रात खणून उन्हात तापू दिला. मग त्यात बादल्यांनी पाणी ओतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला पाणी होतं. अंजीर चुनखडीची, मुरमाड जमीन सोसतं, पण पायात साचलेलं पाणी सोसत नाही. सगळ्यात जास्त कष्ट इथेच पडले. काळी माती बाहेर काढली, तळाला विटांचे तुकडे घातले. वर मुरूम, पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरलं, सोबत निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही मुळांचे रोग रोखणारी उपयोगी बुरशी. भर जमिनीच्या वर फूटभर उंच आणली, आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून बाजूने चर काढला. माझ्या मते काळ्या जमिनीत अंजीर लावायचं तर हा उंचवटा सोडून चालत नाही, बाकी खतं थोडी कमी-जास्त झाली तरी चालतील.

मृगाचा पाऊस झाल्यावर ढगाळ दिवशी, संध्याकाळी लावलं. पिशवी उभी कापून मातीचा गोळा न फोडता ठेवला, बाजूची माती पायाने हलकी दाबली, काठीचा आधार दिला, पाणी घातलं. भोवती झेंडू लावला, त्याने सूत्रकृमी कमी होतात. रोप रुजून वाढू लागल्यावर शेंडा खुडला, म्हणजे खालून फांद्या फुटतात. खुडताना चीक हाताला लागू देऊ नका. त्याने कातडीची आग होते, उन्हात तर जास्तच. मी हाताला खोबरेल लावून लांब बाह्यांचा सदरा घातला होता.

पावसाळ्यात पानांवर तांबेरा दिसू लागला, तेव्हा मोरचूद आणि चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण फवारलं आणि गळालेली पानं वेचून जाळली. थंडीत सगळी पानं गळाली, सासूबाई हळहळल्या. नखाने साल किंचित खरवडून त्यांना आतला हिरवा रंग दाखवला. थंडी ओसरल्यावर डोळे फुटले. पहिली लागलेली बोंडं मी काढून टाकली, आधी खोड भरू दे.

मला मीठा बहार धरायचा आहे, म्हणजे पावसाळा संपताना छाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फळ. पावसाळ्यात फळ देणाऱ्या खट्ट्या बहारापेक्षा तो गोड निघतो. फळ पिकत आलं की पाणी बेताचं द्यायचं, नाहीतर ते तडकतं. बुलबुलांसाठी जाळी आणून ठेवली आहे. शेजारच्या काकूंनी छाटणीच्या काड्या आत्तापासून मागून ठेवल्यात. मी त्यांना पेन्सिलीएवढ्या जाड, चार-पाच डोळ्यांच्या काड्या देणार आहे, पण त्यांनी आधी खड्ड्यात पाणी ओतून बघावं असं सांगितलं आहे.